क्लीन आवाज कसा पारखावा : वेगवेगळ्या घडणीच्या गिटार ॲम्पची तुलना

इलेक्ट्रिक गिटार शिकू लागलेला विद्यार्थी ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, घ्यायला दुकानात जातो, तेव्हा बहुधा सर्वांत आधी डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवणारे, बटण दाबून पाहतो. ॲम्प पारखायचा असेल तर तो आवाज शेवटी ऐकला तरी चालेल. डिस्टॉर्शन पुढे एखाद्या साध्या पेडलनेही मिळवता येते, आणि त्याच्या दाट आवाजाखाली ॲम्पमधील बहुतेक बारकावे झाकले जातात. क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, आवाजात मात्र सर्किट, स्पीकर, पेटीची घडण आणि वाजवणाऱ्याचा हात या साऱ्यांचे गुणदोष उघडे पडतात. शिवाय आपल्या मराठवाड्यात गिटारवादकाच्या वाट्याला येणारे काम पाहिले, तर ते बरेचसे क्लीन आवाजाचेच असते. भावगीतांची साथ, एप्रिल महिन्यात गावोगाव होणारे भीमगीतांचे कार्यक्रम, गणपतीतील ऑर्केस्ट्रा, चर्चमधील गायन, विद्यापीठाच्या युवक महोत्सवातील समूहगीत, यांपैकी कशालाही आधी स्वच्छ आणि स्पष्ट गिटार लागते. म्हणून हा लेख केवळ क्लीन आवाजापुरता आहे.

क्लीन आवाज कशाने घडतो

पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकी भागातून, निघणारा विजेचा संदेश फार लहान, साधारणपणे व्होल्टच्या काही दशांशांइतका असतो. ॲम्पचा पुढचा भाग, म्हणजे प्रीॲम्प, तो वाढवतो. ट्रेबल, मिड आणि बेसचे नॉब त्याला वळण देतात. आणि पॉवर ॲम्प त्याला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. या वाटेत कोणत्याही टप्प्यावर संदेश त्या टप्प्याच्या मर्यादेपलीकडे गेला, की त्याच्या लहरींचे माथे कापले जातात आणि आवाज फाटू लागतो. त्याआधी जितकी मोकळीक शिल्लक असते तिला हेडरूम म्हणतात. क्लीन आवाजाची तुलना करताना हा शब्द पुन्हा पुन्हा येणार आहे.

हेडरूम भरपूर असला म्हणजे आवाज कोरा राहिला, असे मात्र नाही. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो, त्यामुळे तारेचा टोचरेपणा तिथेच गाळला जातो. ज्यांनी मंडपात गिटार सरळ मिक्सरला जोडून वाजवली आहे, त्यांना हा गाळलेला भाग कसा ऐकू येतो हे चांगलेच ठाऊक असेल. म्हणजे ज्याला आपण क्लीन म्हणतो तो आवाजही प्रत्येक ॲम्प आपापल्या परीने रंगवूनच बाहेर काढतो, आणि तुलना करायची ती या रंगांची.

वॅटच्या आकड्याबद्दल आधीच सांगितलेले बरे. वॅट दुप्पट झाले की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे १०० वॅटचा ॲम्प ५० वॅटच्या ॲम्पपेक्षा दुप्पट मोठा वाजत नाही. त्याला थोडा अधिक हेडरूम मिळतो, इतकेच. स्पीकर किती कार्यक्षम आहे यानेही तेवढाच फरक पडतो. खोक्यावरचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये.

घडणीचे मुख्य प्रकार

क्लीन आवाजाचे नाव निघाले की सर्वप्रथम फेंडरचे नाव घेतले जाते. लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कंपनीने १९६३ साली ट्विन रिव्हर्ब आणि डिलक्स रिव्हर्ब हे ॲम्प आणले. त्यांच्या काळ्या दर्शनी पट्टीमुळे त्या काळातील ॲम्पना ब्लॅकफेस म्हणतात. ट्विनमध्ये चार ६एल६ व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या), ८५ वॅट आणि १२ इंची दोन स्पीकर; डिलक्समध्ये दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह, २२ वॅट आणि १२ इंची एकच स्पीकर. या ॲम्पमधील टोनचे सर्किट असे रचलेले आहे, की सर्व नॉब मध्यावर ठेवले तरी ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपासचा मधला पट्टा दबलेला राहतो. खर्ज गोल आणि मोकळा, वरचे स्वर लख्ख, मध्ये थोडी पोकळी, आणि मागे खऱ्या स्प्रिंगचा रिव्हर्ब (घुमारा), असा हा आवाज आहे. गायकाच्या आवाजाखाली तो फार सुरेख बसतो, कारण गळ्याच्या पट्ट्यात तो गर्दी करत नाही.

परंतु एकाच कंपनीच्या या दोन ॲम्पमध्येही तुलनेला भरपूर वाव आहे. खोलीत सहन होईल इतक्या आवाजात ट्विन सहसा फाटतच नाही. डिलक्स मात्र व्हॉल्यूमचा नॉब चार-पाचच्या पुढे गेला की जोराच्या आघाताला किंचित खरखरतो आणि हलक्या आघाताला पुन्हा स्वच्छ होतो. ‘फेंडरचा क्लीन’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या मॉडेलचा आणि किती व्हॉल्यूमवरचा, हे विचारूनच पुढे जावे. त्याच कंपनीचे १९५० च्या दशकातील ट्वीड कापडाचे लहान ॲम्प तर याहूनही लवकर फाटतात.

इंग्लंडमधील व्हॉक्सचा स्वभाव वेगळा. केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्ज यांच्या कंपनीत डिक डेनी यांनी १९५८ च्या सुमारास एसी१५ आणि त्यामागोमाग एसी३० घडवला. एसी३० मध्ये चार ईएल८४ व्हॉल्व्ह असतात आणि पॉवर ॲम्पचा आवाज काबूत ठेवणारा निगेटिव्ह फीडबॅक त्यात नसतो. फेंडरमध्ये तो असतो, आणि त्यामुळे तिथे स्वर आखीव राहतो. व्हॉक्समध्ये हा लगाम नसल्यामुळे फाटण्याच्या बऱ्याच आधीपासून मूळ स्वरावर वरचे उपस्वर चढू लागतात आणि आघाताचे टोक किंचित दबले जाते. तंबोऱ्याला जवारी नीट लागली म्हणजे स्वराभोवती जी झणकार उठते, तिची आठवण व्हॉक्सवर मोकळ्या तारांचा डी कॉर्ड छेडला की येते. मला स्वतःला आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकेक सुटे, वाजवायला याहून गोड आवाज ठाऊक नाही. या ॲम्पवर कट नावाचा एक नॉब असतो आणि तो उलटा चालतो, म्हणजे वाढवला की वरचे स्वर कमी होतात. नवखे वादक हा नॉब पूर्ण फिरवून ठेवतात आणि ॲम्प बोजड वाजतो असे समजतात.

मार्शलकडे क्लीन आवाजासाठी फारसे कोणी जात नाही, तरी त्याचा उल्लेख हवा. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास जेटीएम४५ तयार झाला, तो फेंडरच्याच बासमन ॲम्पच्या सर्किटवरून. व्हॉल्व्ह आणि स्पीकर वेगळे आणि चार स्पीकरची पेटी मागून बंद, त्यामुळे आवाज मधल्या पट्ट्यात भरीव आणि पुढे झेपावणारा झाला. त्याचा क्लीन आवाज जाड असतो आणि लवकर संपतो. इंग्लंडच्याच हायवॅटचे १०० वॅटचे ॲम्प याच्या उलट, भरीव असूनही खूप मोठ्या आवाजापर्यंत स्वच्छ राहतात.

चौथा प्रकार ट्रान्झिस्टरचा, आणि त्याचा मानदंड म्हणजे रोलँडचा जेसी-१२० अर्थात जॅझ कोरस. १९७५ साली आलेल्या या ॲम्पमध्ये ६० वॅटचे दोन स्वतंत्र पॉवर ॲम्प आणि १२ इंची दोन स्पीकर आहेत. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून मूळ आवाज आणि दुसऱ्यातून किंचित मागेपुढे होणारा आवाज येतो आणि दोन्हींचे मिश्रण खोलीतील हवेत होते. म्हणूनच त्याचा विस्तार इतका मोठा वाटतो. कोरस बंद करून ऐकला तर हा आवाज सपाट, थंड आणि अत्यंत स्पष्ट असतो. काहींना तो निर्जीव वाटतो. माझे मत तसे नाही. आपण जे आणि जसे वाजवतो तेच हा ॲम्प सांगतो, आणि शिकणाऱ्याला अशा ॲम्पची फार गरज असते.

पहिली पायरी : वीज आणि खोली

तुलना करण्यापूर्वी ॲम्प सोडून बाकी सर्व गोष्टी सारख्या कराव्या लागतात, आणि त्यात आपल्याकडे विजेचा क्रमांक पहिला लागतो. रब्बीच्या हंगामात शेतीपंप चालू असताना खेड्यातल्या घरात २३० व्होल्टऐवजी बरेच कमी व्होल्टेज मिळते. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये बाहेरचे व्होल्टेज उतरले की आतील उच्च व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरते आणि हेडरूम घटतो. म्हणजे सकाळी पाचवर स्वच्छ वाजणारा ॲम्प संध्याकाळी त्याच पाचवर खरखरू शकतो, आणि दोष ॲम्पला दिला जातो. दोन ॲम्प एकाच बैठकीत, एकाच बोर्डावर तपासावेत. शक्य असल्यास स्टॅबिलायझर लावावा आणि मल्टिमीटरने व्होल्टेज पाहून घ्यावे. भारनियमनात स्वस्त इन्व्हर्टरवर ॲम्प लावून आवाज पारखू नये, कारण त्याची चौकोनी लहर ॲम्पमध्ये गुरगुर उमटवते.

अर्थिंगही तपासावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की घुमणारा ५० हर्ट्झचा आवाज वाढतो. खड्ड्यात पाणी टाकल्याने पुष्कळदा फरक पडतो. घुमणे थांबावे म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो सल्ला कधीही ऐकू नये. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि ॲम्पमध्ये बिघाड झाला तर ती पिनच वाजवणाऱ्याचा जीव वाचवते. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये, तसेच तो आपण स्वतः उघडू नये. आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतो. अमेरिकेतून कोणी ॲम्प आणला असेल, तर तो १२० व्होल्टचा आहे का हे मागील पट्टीवर वाचूनच प्लग लावावा.

आता खोली. आपल्याकडील सरावाची खोली म्हणजे पुष्कळदा वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि चारही बाजूंना उघड्या भिंती. अशा खोलीत वरचे स्वर आपटून परत येतात, ठरावीक खर्ज स्वरांना पत्रे थरथरतात, आणि ट्विनसारखा लख्ख ॲम्प कर्कश भासतो. खाली सतरंजी अंथरावी, एका भिंतीवर दोन-तीन गोधड्या टांगाव्यात. एवढ्यानेही खोली ऐकण्याजोगी होते. मग ॲम्प ठेवण्याची एकच जागा ठरवावी आणि प्रत्येक ॲम्प त्याच जागी आणून वाजवावा, कारण भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात ठेवलेल्या ॲम्पचा खर्ज आपोआप वाढतो.

ॲम्प जमिनीवर ठेवून त्याच्यासमोर उभे राहू नये. स्पीकरमधून वरचे स्वर सरळ रेषेत पुढे जातात. ते गुडघ्यांवर आदळतात आणि कानाला मऊ आवाज ऐकू येतो. मग आपण ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्या श्रोत्याला तो टोचतो. ॲम्प मजबूत खुर्चीवर किंवा स्टुलावर कानाच्या उंचीला आणावा आणि प्रत्येक वेळी दोनेक मीटरवरील एकाच ठिकाणी बसून ऐकावे.

दुसरी पायरी : गिटार, केबल आणि जोडणी

गिटार एकच, पिकअप एकच, पिक एकच. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपची गिटार असल्यास तिचा गळ्याजवळचा किंवा मधला पिकअप घ्यावा. हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) असल्यास त्याचा संदेश अधिक जोरकस असतो आणि ॲम्प लवकर फाटतो, हे ध्यानात ठेवावे. तारा ताज्या असाव्यात. केबल तीन ते सहा मीटरची असावी आणि ती बदलू नये, कारण लांब केबल वरचे स्वर खाते आणि तो दोष ॲम्पच्या नावावर जमा होतो. जुन्या धर्तीच्या फेंडरवर एक आणि दोन असे इनपुट असतात. दुसऱ्या इनपुटला संदेश सुमारे ६ डेसिबलने कमी होऊन पोहोचतो, म्हणून नेहमी पहिल्यातच केबल लावावी. रिव्हर्ब, कोरस, ट्रेमोलो आणि ब्राइटचे बटण बंद करावे. रिव्हर्ब प्रत्येक आवाजाला सुंदर करतो, आणि नेमके तेच तुलनेत नको असते.

तिसरी पायरी : आवाजाची पातळी सारखी करणे

या संपूर्ण लेखातील एकच पायरी पाळायची असेल, तर ही पाळावी. माणसाच्या कानाची ठेवण अशी आहे, की आवाज मंद असताना त्याला खर्ज आणि अतितार स्वर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. त्यामुळे दोन ॲम्पपैकी जो किंचित मोठा वाजतो तो अधिक भरलेला, अधिक जिवंत वाटतो. फरक एखाद्या डेसिबलचाच असेल, तर तो ‘मोठा’ म्हणून कळतच नाही. तो ‘चांगला’ म्हणून कळतो. दुकानात एक ॲम्प सहावर आणि दुसरा तीनवर ठेवून ऐकवला, तर गिऱ्हाईक कोणता उचलेल हे आधीच सांगता येते.

मोबाइलवर डेसिबल मोजणारे ॲप मोफत मिळते. त्याचा आकडा अचूक नसला तरी दोन आवाजांतील फरक तो पुरेसा नीट सांगतो. मोबाइल बसण्याच्या जागी स्टँडवर ठेवावा आणि हलवू नये. मग एकच कॉर्ड एकसारख्या जोराने वाजवत प्रत्येक ॲम्पचा व्हॉल्यूम असा लावावा, की आकडा ८० च्या आसपास आणि एका डेसिबलच्या फरकात येईल. नॉबवरील आकड्यांवर विसंबून राहू नये. एका ॲम्पचा तीन दुसऱ्याच्या सहाइतका असू शकतो. ८५ डेसिबलच्या वर तासन्‌तास बसल्यास कानाला इजा होते, म्हणून पातळी त्याखालीच असू द्यावी आणि अर्ध्या तासाने कानाला विश्रांती द्यावी. थकलेल्या कानाला सर्वच ॲम्प सारखे वाटू लागतात.

टोनचे नॉब फिरवले की पातळीही बदलते. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही.

चौथी पायरी : दोन फेऱ्या

तुलना दोन फेऱ्यांत करावी. पहिल्या फेरीत सर्व ॲम्पचे बेस, मिड आणि ट्रेबल मध्यावर ठेवावेत. यातून बनवणाऱ्याने ॲम्पला मुळात कोणता कल दिला आहे हे कळते. फेंडरचा मध्य दबलेला, मार्शलचा मध्य पुढे आलेला, व्हॉक्सचा वरचा पट्टा उघडा, असे फरक इथे अगदी ठळक ऐकू येतात. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि निकाल देतात.

दुसऱ्या फेरीत उलटे करावे. एक ॲम्प नमुना म्हणून धरून बाकीच्यांचे नॉब असे फिरवावेत, की ते शक्य तितके त्याच्यासारखे वाजतील. उदाहरणार्थ, फेंडर धर्तीच्या ॲम्पवर मिडचा नॉब असेल तर मिड दहावर आणि बेस व ट्रेबल दोनच्या आसपास ठेवून पाहावेत. त्याचे टोन सर्किट तेव्हा जवळजवळ सपाट होते आणि तोच ॲम्प अनोळखी वाटावा इतका जाड वाजू लागतो. व्हॉक्सवर कट मध्यापर्यंत आणावा. जेसी-१२० वर ट्रेबल थोडा उतरवावा. असे करता करता बरेच फरक विरून जातात. जे फरक नॉब फिरवून मिटतात त्यांच्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. जे मिटत नाहीत ते त्या ॲम्पचे स्वतःचे, आणि निवड त्यांवरून करावी. न मिटणारे फरक बहुधा आघाताला मिळणारा प्रतिसाद, स्वराचा ओसर आणि जोर वाढल्यावर होणारा बदल, या तीन बाबतींत सापडतात.

पाचवी पायरी : काय वाजवावे, काय ऐकावे

पाठ केलेले अवघड सोलो इथे उपयोगाचे नाहीत. सहाव्या तारेचा मोकळा ई, म्हणजे ८२ हर्ट्झचा स्वर, घ्यावा आणि तो एकटाच वाजवावा. पहिल्यांदा बोटाच्या मांसाने, मग पिकने हलका, मग मध्यम, मग जितका जोर लावता येईल तितका. प्रत्येक आघातानंतर स्वर पूर्ण विरेपर्यंत थांबावे. जेसी-१२० वर चौथा आघात पहिल्यापेक्षा केवळ मोठा असतो, त्याचा पोत तोच राहतो. हात असमान पडला तर तो असमानपणाही जसाच्या तसा बाहेर येतो. पाचवर ठेवलेल्या डिलक्सवर तिसऱ्या आघातापाशी स्वराच्या सुरुवातीला एक बारीक कड येते, चौथ्याला ती स्पष्ट खरखर होते, आणि स्वर ओसरू लागताच खरखर निघून जाऊन आत लपलेला स्वच्छ स्वर वर येतो. व्हॉक्सवर चौथा आघात तिसऱ्यापेक्षा फार मोठा होतच नाही. त्याऐवजी तो रुंद होतो, झणकारतो, आणि ओसरायला अधिक वेळ घेतो. ट्विन या बाबतीत जेसीच्या जवळ आहे, पण स्वराचा तळ अधिक गोल आणि टोक कमी कोरडे असते. या एका तारेवर दहा मिनिटे घालवली तर पुढचे बरेच काम सोपे होते.

त्यानंतर कॉर्डकडे वळावे. आधी ई आणि बी हे दोनच स्वर एकत्र वाजवावेत. जवळजवळ प्रत्येक ॲम्पवर ते चांगलेच लागतील. मग जी सेव्हन किंवा ए मायनर सेव्हन घ्यावा. ॲम्प फाटण्याच्या उंबरठ्यावर असेल, तर स्वरांच्या परस्परमिश्रणातून नवे, बेसूर स्वर तयार होतात आणि चार स्वरांच्या कॉर्डमध्ये सर्वांत आधी चिखल होतो. प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. भावगीताच्या साथीत असे कॉर्ड पदोपदी येतात, म्हणून ही कसोटी आपल्यासाठी महत्त्वाची आहे.

तिसरे म्हणजे बाराव्या पडद्याच्या आसपास दुसऱ्या तारेवर एखाद्या ओळखीच्या गाण्याचा मुखडा सावकाश वाजवावा. वरचे एकटे स्वर बारीक पडतात की अंगाने भरलेले राहतात, हे मधल्या पट्ट्यावर ठरते. फेंडर धर्तीच्या ॲम्पवर इथे उणीव जाणवेल. मिड वाढवून ती कितपत भरते ते पाहावे. शेवटी गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणावा आणि आवाज केवळ लहान होतो की मंदही पडतो, हे ऐकावे.

कानाची स्मृती काही सेकंदांचीच असते. एक ॲम्प बंद करून दुसरा जोडेपर्यंत पहिल्याचा बारकावा विसरलेला असतो. दोन ॲम्पमध्ये झटकन बदल करून देणारे एबी पेडल मिळाले तर उत्तम. लूपर (वाजवलेले भरून घेऊन पुन्हा पुन्हा ऐकवणारे) पेडल असेल तर त्यात एक वाक्य भरून तेच दोन्ही ॲम्पना द्यावे आणि मोकळ्या हातांनी नॉब फिरवत ऐकावे. मात्र लूपर ॲम्पला प्रतिसाद देत नाही. आपला हात देतो. व्हॉक्सवर वाजवताना आपण नकळत हलके वाजवू लागतो आणि जेसीवर अधिक नीट, आणि हा फरक लूपरमध्ये सापडत नाही. म्हणून दोन्ही प्रकारे ऐकावे. सोबत मित्र असेल तर आपण ॲम्पकडे पाठ करून बसावे, त्याने ॲम्प बदलावेत आणि कोणता ॲम्प आहे हे न सांगता आपण वहीत मत लिहावे. नाव आणि किंमत डोळ्यांसमोर नसताना पुष्कळ मते बदलतात, असे मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत नेहमी पाहतो.

हे ॲम्प समोर नसतील तर

लातूर किंवा नांदेडमध्ये वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला ट्विन आणि एसी३० शेजारी शेजारी मिळणे कठीण आहे, याची मला कल्पना आहे. आपल्याकडील दुकानांत बहुधा १० ते २० वॅटचे सरावाचे ॲम्प असतात. अशा वेळी मॉडेलिंग ॲम्प (इतर ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणारा डिजिटल ॲम्प) किंवा संगणकावरील ॲम्पचे सॉफ्टवेअर हा अभ्यासाचा चांगला मार्ग आहे. लाइन ६ कंपनीचे पॉड हे उपकरण १९९८ साली आले, तेव्हापासून हे तंत्र खूप पुढे गेले आहे. आजच्या साध्या मॉडेलिंग ॲम्पमध्येही या चारही प्रकारांच्या प्रतिकृती असतात; नावे कायदेशीर कारणांमुळे वेगळी असतात, पण ‘ट्विन’, ‘ब्रिटिश’, ‘जॅझ’ अशा खुणांवरून ओळख पटते.

इथे एक सावधगिरी बाळगावी. संगणकावर हेडफोनमधून जे ऐकू येते, तो माइक लावलेल्या स्पीकरच्या आवाजाचा नमुना असतो. खोलीत उभ्या असलेल्या ॲम्पचा नव्हे. शिवाय मॉडेल बदलताना पेटीचे आणि स्पीकरचे मॉडेलही आपोआप बदलते. ॲम्पचा फरक ऐकायचा असेल तर पेटी एकच ठेवून ॲम्प बदलावा, आणि मग ॲम्प एकच ठेवून पेट्या बदलाव्यात. पेटी बदलल्याने पडणारा फरक पुष्कळदा ॲम्प बदलल्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो. हा अनुभव प्रत्येक नवख्याने एकदा घ्यावाच. पातळी सारखी करण्याचा नियम इथेही तसाच लागू आहे, कारण तयार प्रीसेट मुद्दाम मोठ्या आवाजात भरलेले असतात.

सहावी पायरी : साथीदारांसोबत

एकट्याने ऐकताना जो आवाज सर्वांत सुंदर वाटतो, तोच ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि दोन गायक यांच्यासोबत हरवून जाऊ शकतो. कीबोर्डच्या स्ट्रिंग्ज मधला पट्टा भरून टाकतात, ढोलकीचे घुमणे खर्ज घेते, आणि फेंडरचा तो मोहक पोकळ आवाज त्यात विरघळतो. मंडपात कीबोर्ड मोठा असेल, तर फेंडर धर्तीच्या ॲम्पवर बेस तीनपर्यंत उतरवून मिड सात-आठपर्यंत न्यावा. एकट्याने ऐकले तर हा आवाज थोडा नाकातून आल्यासारखा वाटेल. गाण्यात मात्र गिटार ऐकू येऊ लागेल. केवळ तबला-पेटी (हार्मोनियम) आणि एक गायक असेल, तर उलट मध्यातली पोकळी तशीच ठेवणे योग्य, कारण पेटी आणि गळा दोघेही तिथेच बोलत असतात. व्हॉक्सला अशा वेळी वेगळे काही करावे लागत नाही, त्याचा वरचा पट्टा गर्दीतून आपोआप वर येतो. झांज किंवा टाळ असतील तरच कट थोडा वाढवावा. सरावाच्या वेळी मोबाइल श्रोत्यांच्या जागी ठेवून ध्वनिमुद्रण करावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्या आणि महिन्यातून एखाद-दोन कार्यक्रम करणाऱ्या वादकाने, माझ्या मते, १२ इंची एक स्पीकर असलेला ४० ते ५० वॅटचा ट्रान्झिस्टर किंवा मॉडेलिंग ॲम्प घ्यावा. तो उन्हाळ्यातील ४२ अंशांत आणि जनरेटरच्या विजेवर कमी कुरकुर करतो, आणि दुचाकीवरून नसला तरी रिक्षातून एकट्याने नेता येतो. ट्विन आणि एसी३० तीस किलोच्या आसपास भरतात. फक्त भावगीत आणि भक्तिगीतांची साथ करणाऱ्याला जेसीच्या जातीचा कोणताही स्वच्छ ॲम्प वर्षानुवर्षे पुरतो. हाताच्या जोराबरोबर बदलणारा आवाज हवाच असेल आणि वाजवण्यात तेवढी समज आली असेल, तर डिलक्सच्या आकाराचा २० ते २२ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प योग्य ठरतो. तो घेण्यापूर्वी व्हॉल्व्ह बदलून बायस (व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या विजेचे प्रमाण) लावून देणारा कारागीर आपल्या शहरात, निदान छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यापर्यंत, आहे का याची खात्री करून घ्यावी. पाहायला जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल सोबत न्यावी, दुकानदाराला रिव्हर्ब बंद करायला सांगावे, आणि वापरलेला ॲम्प असेल तर तो किमान अर्धा तास तापू देऊन त्यानंतर सहाव्या तारेचा ई पुन्हा एकदा वाजवून पाहावा.